सरूबाईंची माशी

एका फॉर्मवर मला एक नाव लिहायचं होतं. ते मला सांगितलेलं होतं, दोन अक्षरांचं होतं, आणि मी ते लिहिलं नाही. त्या जागी दुसरंच लिहिलं, वळणदार इंग्रजी अक्षरात, शाई सुकावी म्हणून वरून फुंकर मारून. कोणी धाक घातला नव्हता, कोणी लालूच दाखवली नव्हती. मी बी.ए. होते, एवढंच कारण. नातवंडं विचारतात, आजी, तू तरुणपणी कशी होतीस? मी सांगते, दिसायला बरी, अक्षर सुरेख आणि डोक्यात भुसा. त्यांना वाटतं, आजी गंमत करते.

जे नाव लिहायचं होतं ते सरूबाईंचं. आणि ते जायचं होतं एका माशीवर.

आता माशी म्हणजे काय ते आधी सांगते, नाहीतर तुम्ही स्वयंपाकघरातली समजाल. थंड मुलखात, नितळ वाहत्या पाण्यात ट्राउट नावाचा मासा असतो. तो पाण्यावर उतरलेले किडे खातो. त्याला धरणारे शौकीन लोक गळाला गांडूळ लावत नाहीत, त्यात त्यांना कमीपणा वाटतो. ते गळाभोवती पीस आणि धागा गुंडाळून किडा तयार करतात. तो बुडत नाही, पिसांच्या टोकांवर पाण्यावर उभा राहतो आणि मासा फसतो. ही सुकी माशी. नखाएवढी वस्तू. चांगल्या हाताला ती बांधायला दहा-बारा मिनिटं लागतात, वाईट हाताला जन्म जातो.

बुऱ्हाणपुरात ट्राउट नाही. तापीत सोडला तर मे महिन्यात तो पाण्यातच शिजेल. पण आमच्या शेठचं घराणं पूर्वी जरीची तार ओढून घ्यायचं, ते काम बसलं, आणि कलकत्त्याच्या कोणा नातेवाइकानं हा परदेशी धंदा सुचवला. सिंधीपुऱ्यात दुकानावरच्या माळ्यावर चौदा बायका बसवल्या. तीन महिने शिकून येण्यासाठी तिघींना कलकत्त्याला पाठवायचं ठरलं. दोघींच्या घरच्यांनी नाही म्हटलं. सरूबाईंच्या घरी नाही म्हणायला कोणी उरलंच नव्हतं. नवरा गेलेला, सासरा गेलेला, एक मुलगी होती ती फोपनारला आजोळी ठेवली आणि बाई एकट्या गाडीत बसल्या.

कलकत्त्याच्या उस्तादानं पहिल्या दिवशी त्यांच्या हातात झाडू दिला. सरूबाईंनी झाडलं. दुसऱ्या दिवशी तो आला तेव्हा त्याच्या शिकंज्यात, म्हणजे गळ घट्ट धरून ठेवणाऱ्या छोट्या पकडीत, झाडूची एक काडी लावलेली होती, आणि काडीवर माशी बांधलेली होती. वाकडी होती म्हणे, पण माशी होती. तिसऱ्या दिवसापासून त्यानं शिकवायला सुरुवात केली. हे सांगताना सरूबाई हसत नसत. "तीन महिन्यांतला एक दिवस गेला ना माझा," म्हणत. तो एक दिवस त्यांनी त्या माणसाला शेवटपर्यंत माफ केला नाही.

मी तिथे पत्रं लिहायला होते. परदेशातून इंग्रजीत पत्रं येत, मी ती वाचून दाखवायची, उत्तरं द्यायची, डब्यांवर चिठ्ठ्या डकवायची. वय पस्तीस-छत्तीस. वाकून काम करणाऱ्या चौदा बायकांत मी एकटी खुर्चीवर. ह्या खुर्चीचा मला किती माज होता ते आठवलं की आजही स्वतःच्या कानाखाली द्यावीशी वाटते. सरूबाई मला नावानं हाक मारत नसत. "ए बीए" म्हणत. मला तो मान वाटे. एवढी मी हुशार.

ठेंगणी, काळीसावळी बाई, पदर कमरेला इतका घट्ट खोचलेला की पिसाचा तंतू अडकायला जागा नको. सकाळी माळ्याच्या दारात उभ्या राहत आणि येणाऱ्या प्रत्येकीच्या हातांचा वास घेत. तेलाचा वास आला की परत खाली, राखेनं हात धुवून या. "तेलानं पीस चिकटते. चिकटलं की बुडते. बुडली तर ती माशी नाही, कचरा आहे." पंखा लावायची बंदी, कारण पिसं उडतात. बुऱ्हाणपूरचा मे महिना, वर पत्रे, आणि पंखा बंद. एकदा मी धीर करून म्हटलं, "सरूबाई, माणसं मरतील." त्या म्हणाल्या, "खुर्चीवर बसून कोणी मरत नाही."

चुकलेल्या माशीवर त्या ओरडत नसत. पदराला टोचून ठेवलेली अर्धी ब्लेड काढायच्या, गळ खरवडून साफ करायच्या आणि बांधणारीच्या समोर ठेवायच्या. अर्ध्या तासाची मेहनत जमिनीवर. कोणी रडलं तर म्हणत, "रड. पण हात पुसून रड."

त्यांनी ट्राउट कधी पाहिला नव्हता. त्याचं एक रंगीत चित्र भिंतीवर होतं, त्यावरही त्यांचा राग. "हे आपल्याले वरून दिसून राहिलं. पण माशी कोण बघतो? मासा. तो कुठून बघतो?" मग त्यांनी एक काच आणवली, दोन्ही बाजूंना विटा रचून त्यांवर ती आडवी टाकली, तिच्यावर पाणी भरलेलं काचेचं पसरट भांडं ठेवलं, त्यात माशी सोडली आणि स्वतः फरशीवर उताण्या निजून खालून बघू लागल्या. पन्नाशीला आलेली बाई, भर माळ्यावर, भांड्याखाली डोकं घालून. शेठ जिन्यावरून डोकावले आणि तसेच मागे फिरले. मग आम्हा सगळ्यांना एकेक करून निजवलं. "काय दिसते?"

मी निजले. खालून सगळं पाणी चकाकत होतं आणि त्या चकाकीत पिसांच्या टोकांनी बारीक खळगे पडले होते, जणू कोणी बोटं टेकवून उभं आहे. खरं तर ते पाहून अंगावर काटा आला होता. पण मी उठता उठता विटेला कपाळ आपटलं, काच हलली, भांडं माझ्या छातीवर. सरूबाईंनी आधी माशी उचलली, मग मला विचारलं, "फुटलं का?" मी म्हटलं, कपाळ नाही फुटलं. त्या म्हणाल्या, "भांडं विचारलं."

पिसं हा त्यांचा दुसरा वैरी. माशीला लागतं कोंबड्याच्या मानेचं पीस, आणि तेही जुन्या कोंबड्याचं. कोवळ्याचं लोकरीसारखं लुळं पडतं. दोन वर्षं उकिरड्यावर राज्य केलेला देशी कोंबडा असेल तर त्याच्या मानेचं पीस ताठ उभं राहतं. असा एक तुकईथडला आहे असं त्यांना कळलं आणि त्या मला घेऊन गेल्या, कारण पिसांच्या रंगाची नोंद करायला लिहिणारी हवी. कोंबडा राखाडी, कडेला सोनेरी झाक. मालक अंगणात सुरीला धार लावत होता.

"कोंबड्याचं काय करणार?" सरूबाईंनी विचारलं.

"जावई येऊन राहिले. रस्सा."

"रस्सा कर. मान मले दे."

"मान काहून?"

"तुझा जावई पिसं खातो का?"

तो हसला. पण चुलीवर पाण्याचा हंडा चढलेला होता. पिसं निघावीत म्हणून कोंबडा उकळत्या पाण्यात बुडवतात, आणि बुडवला की पीस कामातून गेलं. सरूबाई जाऊन चुलीपुढे बसल्या. दुपारभर बसल्या. घरधनीण म्हणाली, बाई, उठा, स्वयंपाक करायचा आहे. "आधी सोलू दे. ह्या पाण्यात कोंबडा गेला तर मागून तुझा जावई जाईल." शेवटी त्या माणसानं मान कातड्यासकट सोलून दिली. मी पिढीजात शाकाहारी, कडुनिंबाकडे तोंड करून उभी. येताना बसमध्ये ती मान माझ्या मांडीवरच्या स्टीलच्या डब्यात होती. शेजारची बाई म्हणाली, वास कसला येतो. मी इंग्रजीत उत्तर दिलं. घाबरले की मी इंग्रजी बोलायची.

त्या राखाडी पिसातूनच सरूबाईंची स्वतःची माशी झाली. तोवर आम्ही दुसऱ्यांचे नमुने बांधत होतो, गोऱ्यांनी ठरवलेले, गोऱ्यांची नावं असलेले. ह्या धंद्यात रीतच तशी आहे, ज्यानं नवी माशी काढली त्याचं नाव तिला लागतं, आणि मग माणूस मेला तरी माशीच्या नावानं शे-दीडशे वर्षं तो पाण्यावर असतो. हे मीच त्यांना एका पत्रातून वाचून दाखवलं होतं. त्यांनी ते दोनदा वाचायला लावलं. त्यानंतर कित्येक संध्याकाळी त्या राजघाटावर जाऊन बसल्या. उजेड कमी होताना तापीवर बारीक राखी किडे उठतात, एकावर एक उभे पंख, लांब शेपटी. ते काडेपेटीत भरून आणत. अंगाचा रंग काही जमेना. मग एकदा माहेराहून, फोपनारहून, केळीच्या सोपटाचा, म्हणजे खोडावरच्या सालीचा, धागा घेऊन आल्या. सुकल्यावर त्याला मधासारखी चमक येते. तो नखानं उभा चिरून केसासारखा केला, मेण लावलं आणि गळावर गुंडाळला. किड्याच्या पोटावर असतात तशा रेघा आपोआप उमटल्या.

परातीतल्या पाण्यात त्यांनी ती सोडली. ती उभी राहिली. सरूबाईंनी ब्लेडला हात लावला नाही, तेव्हाच आम्हाला कळलं.

नमुना परदेशी कंपनीला गेला आणि दीड महिन्यानं पत्र आलं, सोबत फॉर्म. माशी फार आवडली, आमच्या सूचीत घ्यायची आहे. अंग कशाचं केलं आहे? कोणी बांधली? नाव काय लावायचं?

मी वाचून दाखवलं. सरूबाई म्हणाल्या, "लिही. सरू."

"नुसतं सरू?"

"मग काय, सरूबाई लिहिणार? माश्यांत बाईबिई नसते. सरू."

मी खुर्चीवर बसले, पेन उघडलं, आणि माझ्या मनात आलं ते असं: सरू. हे काय नाव आहे. मोलकरणीला हाक मारल्यासारखं. लंडनला लोक हसतील. मालाला जरा भारदस्त नाव हवं. आणि फॉर्मवर मालकाचं नाव असतं, असं मला वाटत होतं, कारण शाळेच्या फॉर्मवर वडलांचं असतं. दोनच दिवसांपूर्वी शेठ माझ्या अक्षराला मोत्याचे दाणे म्हणाले होते. मी शेठचं नाव लिहिलं, भगवानदास. बनवणाऱ्याचं नाव, भगवानदास. माशीचं नाव, भगवानदास. खाली सही घ्यायला शेठकडे गेले. त्यांनी वाचलं, माझ्याकडे पाहिलं, एकदाही म्हणाले नाहीत की अरे, हे माझं काम नाही. सही केली. ह्या माणसाला पिसांनी शिंका येत. माळ्यावर तो वर्षातून एकदा, दिवाळीच्या पूजेला चढे, तोही नाकावर रुमाल धरून.

वर्षभरानं सूची आली. गुळगुळीत कागद, पानभर चित्रं, आणि मध्ये ती, राखाडी-सोनेरी. सरूबाईंनी चित्राखाली बोट ठेवलं. "वाच."

मी वाचलं, "सरू."

हे दुसरं. पहिल्याला मूर्खपणा म्हणता येईल. ह्याला काय म्हणायचं ते तुम्हीच ठरवा, मी ठरवून मोकळी झाले आहे. त्या दिवशी सरूबाईंनी चौदा जणींना मावा जिलेबी खाऊ घातली. पंखा लावू दिला. मला म्हणाल्या, "बीए, तू दोन घे, तू लिहिलंस." मी दोन घेतल्या. दोन्ही खाल्ल्या.

मग वर्षं गेली. माळा बंद पडला, बायका पांगल्या, शेठ वारले. सरूबाई एकट्याच घरी थोड्या माश्या बांधत, जुन्या गिऱ्हाइकांसाठी. तीन वर्षांपूर्वी शेठच्या मुलानं वडिलांच्या स्मरणार्थ गावातल्या हॉलमध्ये कार्यक्रम ठेवला आणि आम्हा सगळ्या जुन्या बायकांना बोलावलं. दारातच मोठा फलक: शेठचा फेटा बांधलेला फोटो, शेजारी हाताएवढी वाढवलेली ती माशी, आणि खाली, 'भगवानदास मक्खी के जनक'.

सरूबाईंना देवनागरी सावकाश वाचता येई. त्यांनी एकेक अक्षर वाचलं. मला विचारलं, "हे काय लिहिलं, बीए?"

मी म्हटलं, "फलकवाल्यानं चूक केली असेल."

तिसरं.

मुलगा माइकवर बोलत होता. पिताजींनी स्वतःच्या हातांनी ही कला बुऱ्हाणपुरात आणली, पिताजी तासन् तास बसून माशी बांधत. त्याच्या डोळ्यांत खरं पाणी आलं होतं, तेच जास्त संतापजनक. "और आज उनकी शिष्या सरूबाई हमें वही मक्खी बनाकर दिखाएँगी."

टाळ्या पडल्या. सरूबाई उठल्या. पंचाहत्तरीची बाई, जाड भिंगांचा चष्मा, कोणाचा हात न धरता स्टेजवर चढली. शिकंजा मांडलेला होता, कॅमेरा लावलेला होता, मागच्या पडद्यावर त्यांची बोटं माणसाएवढी दिसत होती. त्यांनी बांधायला घेतली. शेपटी, मग केळीचा धागा, मग पंख, मग ते राखाडी पीस फिरवून फिरवून उभं केलं. माशी पडद्यावर तयार दिसत होती. सरूबाईंनी धागा ताणून धरला आणि थांबल्या.

"हो गया?" मुलानं हसून विचारलं.

"गाठ राहिली." माइक त्याच्या हातात होता, म्हणून सगळ्यांना ऐकू आलं. "गाठ तुम्ही मारा. माशी तुमच्या घरची हाये ना."

"अरे, आप ही कर दीजिए, अम्मा."

"मी तर शिष्या."

लोक हसले, त्याला वाटलं कौतुकानं. तो पुढे आला, त्यांच्या बोटांतला धागा दोन बोटांत धरला आणि बुटाची नाडी ओढावी तसा ओढला. धागा तुटला. पडद्यावर ते पीस झटका देऊन उलगडलं, पंख आडवे झाले, सगळी माशी एखाद्या भिजलेल्या पाखरासारखी विस्कटून गळावर लोंबली. मागच्या रांगेतून आमच्यातलीच कोणी तरी हसली, एकटीच, मोठ्यानं. सरूबाई सत्काराचा शाल-नारळ खुर्चीवर तसाच ठेवून खाली उतरल्या.

नंतर आठ-पंधरा दिवस गावात तीच चर्चा. शेठनं गरीब बाईचं नाव चोरलं, पोरानं त्यावर फलक लावला. मी सगळ्यांत मोठ्यानं बोलत होते. शेठला मी जे जे म्हटलं ते इथे लिहिता येणार नाही. पण फॉर्म कोणी भरला होता, ते मी कोणालाच सांगितलं नाही. मग मला वाटलं, सरूबाईंना काही न सांगता हे गुपचूप दुरुस्त करता येईल. म्हातारपणीही भुसा पूर्ण गेला नव्हता. नातीला बसवून त्या परदेशी कंपनीला ईमेल पाठवला: माशीचं खरं नाव सरू आहे, कृपया बदलावं.

उत्तर फार सभ्य होतं. आता सगळे ती माशी त्याच नावानं ओळखतात, दुसरेही बांधतात, बदलणं शक्य नाही. शिवाय नाव तुमच्याकडूनच आलं होतं, सोबत प्रत जोडत आहोत. नातीनं ती प्रत उघडली. निळी शाई, मोत्याचे दाणे.

"आजी, अक्षर किती भारी होतं गं तुझं," ती म्हणाली.

तो कागद छापून घेऊन मी फोपनारला गेले. सरूबाई तेव्हा मुलीकडे राहायला आल्या होत्या. घरासमोर केळीचे घड भरलेला ट्रॅक्टर आडवा लावलेला होता आणि त्या प्लास्टिकच्या खुर्चीवर बसून ड्रायव्हरला सुनावत होत्या, रस्ता तुझ्या बापाचा आहे का. ट्रॅक्टर हलेपर्यंत त्यांनी माझ्याकडे बघितलं नाही. मग मी सगळं सांगितलं. फॉर्म, सूची, फलक, तिन्ही. मध्ये कुठे थांबले नाही, थांबले असते तर उरलेलं गिळलं असतं.

"वाच," त्या म्हणाल्या.

मी कागद वाचला. जसा होता तसा.

त्यांनी तो हातात घेतला, चष्मा वर करून डोळ्याजवळ नेला, बराच वेळ धरला. मग चौकोनी घडी करून मांडीखाली ठेवला. आतल्या बाजूला तोंड करून मुलीला म्हणाल्या, "हिले चहा दे." चहा आला, मी प्यायले. त्या रस्त्याकडे बघत होत्या. मी कप ठेवला, उठले, चपला घातल्या. तेव्हा त्या बोलल्या, माझ्याकडे न वळता.

"शेठवर मी उगाच जळले, बीए. त्याले माशीतलं काय समजत होतं? तुले समजत होतं."